पाच तारांचा बँजो आणि जुना जॅझ एका खोलीत कसे नांदवायचे?

रामप्रहर

नमस्कार मंडळी,

मी रॅलीला असतो, नॉर्थ कॅरोलायनात. सात वर्षं झाली, पाच तारांचा बँजो वाजवतोय. शिकलो ते ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतलं तारवाद्यांचं वेगवान लोकसंगीत, तेही बँजोवाला अर्ल स्क्रग्ज याच्या पद्धतीचं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्हींत नख्या, आणि एकदा सुरू झालं की गाणं संपेपर्यंत थांबायचं नाही. स्क्रग्जचं शेल्बी इथून गाडीने तीन-सव्वातीन तासांवर, त्यामुळे हा बाज शिकवणारी माणसं या भागात सहज भेटतात.

गेल्या हिवाळ्यापासून आम्ही पाच जण रविवारी दुपारी आमच्या गॅरेजमध्ये जमतो. कॉर्नेट (ट्रंपेटसारखं पितळी वाद्य) वाजवणारे गृहस्थ शाळेतून निवृत्त झालेले बँडमास्तर. क्लॅरिनेटवाल्या एक बाई, एक गिटार, एक उभा बास आणि मी. ड्रम नाहीत. वाजवतो ते १९२० च्या दशकातलं न्यू ऑर्लिन्स-शिकागो वळणाचं जॅझ.

मागच्या रविवारी फोनवर रेकॉर्ड केलं, रात्री ऐकलं आणि पोटात गोळा आला. बाकीचे चौघं एकमेकांशी बोलताहेत आणि मी पत्र्यावर पाऊस पाडतोय. पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "तू श्वास कधी घेतोस?" फुंकून वाजवणाऱ्याला दम घ्यावाच लागतो, आणि त्या फटीतून बाकीच्यांचं ऐकू येतं. माझ्या उजव्या हातात ती फटच नाही.

बँजो तर जुन्या जॅझमध्येही होता. मग माझा तिथे का बसत नाही? हा बाजूला ठेवून चार तारांचा टेनर बँजो घ्यावा का? शिवाय मास्तर आणि बाई बी फ्लॅट, ई फ्लॅट या सुरांत सुखी, माझा बँजो जन्मजात जी मधला. कुणी असं काही जमवलं असेल तर सविस्तर सांगा. मला हे मनापासून जमवायचं आहे.

चकवाचांदणं

शीर्षकात बँजो वाचून धावत आले! आमच्या लालबागला गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी असायची. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, आणि कर्ण्यातून असा आवाज की खिडकीच्या काचा थरथरायच्या. तोच का हा?

रामप्रहर

नाही ताई, तो बुलबुल तरंग. जपानमध्ये १९१२ साली नागोयाला ताइशोगोतो नावाचं वाद्य निघालं, त्याचा हा भारतीय भाऊ. आपल्याकडे त्याला बेंजो नाव पडलं. माझा म्हणजे डफासारखा गोल, त्यावर ताणलेला पडदा आणि लांब मान. पडद्यावर घोडी, घोडीवरून तारा. पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी मानेच्या मध्येच, पाचव्या पट्टीपाशी (पट्टी म्हणजे मानेवरचा आडवा पडदा, फ्रेट).

जुनेबाड

स्पष्ट सांगतो, टेनर घ्या. उगाच झटापट कशाला? जॅझमधला बँजो म्हणजे प्लेक्ट्रमने (चिमटीत धरायच्या नखीने) वाजवायचा चार तारांचा, सी-जी-डी-ए. त्याचं काम दर बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका तुकड्यात, चार ठोके देणं आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलत ठेवणं. तुमच्या पाचव्या तारेचा जी सतत टणटणत राहतो. ब्लूग्रासमध्ये तीनच कॉर्ड असतात तेव्हा तो गोड लागतो. जॅझमध्ये दर दोन ठोक्यांना कॉर्ड बदलली की तोच जी पाहुण्यासारखा मधेच उभा राहतो. मी टेनरच वाजवतो, पंधरा वर्षं झाली. प्रत्येक वाद्याचं घर ठरलेलं असतं.

नागझरी

जुनेबाड, तुमच्या वाजवण्याबद्दल आदर ठेवून असहमत. घर ठरलेलं नव्हतंच.

लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्हने नोव्हेंबर १९२५ मध्ये शिकागोत पहिलं रेकॉर्डिंग केलं, त्यात जॉनी सेंट सीरच्या हातात टेनर नव्हता. सहा तारांचा, गिटारसारखा लावलेला बँजो होता. ज्या ताफ्याला आपण जुन्या जॅझचा कळस मानतो तिथेच ही गत. त्याच्या दोन वर्षं आधी किंग ऑलिव्हरच्या ताफ्याने जेनेट कंपनीसाठी पहिल्या तबकड्या केल्या, तेव्हा त्यांचा बासवाला बिल जॉन्सन बँजो घेऊन बसला होता. जो आवाज रेकॉर्डिंगच्या भोंग्यासमोर नीट उमटेल तो घ्यायचा, एवढाच नियम. १९२५ पासून विजेचे मायक्रोफोन आले, गिटारचा नाजूक आवाज पकडता येऊ लागला आणि काही वर्षांत बहुतेक बँजोवाले गिटारकडे वळले. ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यातला फ्रेड गायसुद्धा.

आणि रामप्रहर, तुम्हाला वाटतं तेवढी ही दोन घरं लांब नाहीत. 'सॉल्टी डॉग ब्लूज' घ्या. पापा चार्ली जॅक्सनने १९२४ साली ते सहा तारांच्या बँजोवर गायलं. १९२६ मध्ये त्यालाच सोबत घेऊन कॉर्नेटवाल्या फ्रेडी केपर्डच्या जॅझ ताफ्याने वाजवलं. आणि १९५० साली फ्लॅट-स्क्रग्ज जोडीने तेच ब्लूग्रासमध्ये आणलं. तुमचे मित्र आणि तुम्ही एकच गाणं वेगवेगळ्या आजोळी शिकला आहात. 'फेअरवेल ब्लूज'चंही तसंच. १९२२ मध्ये शिकागोतल्या न्यू ऑर्लिन्स ऱ्हिदम किंग्जने पहिल्यांदा वाजवलेली जॅझची चीज ती, आज ब्लूग्रासचे बँजोवाले घरचीच समजून वाजवतात. १९३० मध्ये तर योडेल गाणाऱ्या जिमी रॉजर्सच्या मागे आर्मस्ट्राँगने ट्रंपेट आणि लिल हार्डिनने पियानो वाजवलाय.

आणखी मागे जा. बिल मन्रो, ज्याला ब्लूग्रासचा जनक म्हणतात, तो केंटकीत लहानाचा मोठा होताना आर्नल्ड शुल्त्झ नावाच्या कृष्णवर्णीय गिटार-फिडलवाल्याच्या मागे नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा. आपल्यातला ब्लूज त्याच्याकडून आला हे मन्रो स्वतः सांगायचा. आणि बँजो मुळातच पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या आठवणीतून घडलेलं वाद्य. भोपळ्यावर कातडं ताणलेलं, एक आखूड तार असलेलं. गांबिया-सेनेगलकडचं आकोंटिंग अजून तसंच आहे. ती आखूड तार जुनेबाड यांना पाहुणी वाटते, पण या वाद्यातली सगळ्यात जुनी रहिवासी तीच आहे. हे बोलताना मला भरून येतं, म्हणून लांबलं.

पिंपळपार

नागझरीताई, काय प्रतिसाद! वाचनखूण साठवली. ती आखूड तार आता कधीच साधी तार वाटणार नाही.

जुनेबाड

नागझरी, सहा तारांचा मुद्दा मान्य, इतिहासावर हरलो. पण सेंट सीरनेही रोल (बोटांची ती न थांबणारी माळ) वाजवले नाहीत, कॉर्डच धरल्या. रामप्रहर यांचा प्रश्न तारा किती हा नाहीच, उजव्या हाताचा आहे.

ठेका_धरा

जुनेबाड यांच्या शेवटच्या वाक्यावर मी तबल्याच्या बाजूने बोलतो. बँजो कधी हातात धरलेला नाही, पण धागा वाचून दोन दिवस तुम्ही सांगितलेली सगळी जुनी रेकॉर्डिंग ऐकली.

स्क्रग्जचा पुढे जाणारा रोल बोटांवर मोजा: अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-मधलं. तीन, तीन, दोन. आठ मात्रा. केरव्याच्या आठात पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर वजन दिलं की हाच साचा निघतो. आणि न्यू ऑर्लिन्सच्या संगीतात हाच तीन-तीन-दोन जागोजाग आहे. पियानोवाला जेली रोल मॉर्टन ज्याला स्पॅनिश छटा म्हणायचा ती हीच. चार्लस्टन नाचाचे पहिले दोन ठोके म्हणजे याच साच्याचे पहिले दोन आघात. म्हणजे तुमचा रोल जॅझला परका नाही.

अडचण दुसरीकडे आहे. ब्लूग्रासच्या वेगात तुमच्या आठ मात्रा जवळजवळ सारख्या लांबीच्या पडतात. तुमचे मास्तर त्याच आठ मात्रा झुलवत वाजवत असणार, म्हणजे प्रत्येक जोडीतली पहिली लांब, दुसरी आखूड. आपल्या भाषेत तिस्र जातीतले, म्हणजे तिनातले, दोन धरून एक सोडल्यासारखं. सरळ आठ आणि झुलते आठ एकाच वेळी वाजले की प्रत्येक दुसऱ्या मात्रेवर दोघांची किंचित चुकामूक होते. एका गाण्यात ती शेकडो वेळा होते. तुम्हाला ऐकू येतो तो पत्र्यावरचा पाऊस हाच असेल.

एक करून बघा. लय निम्म्यावर आणा, मेट्रोनोम फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ठेवा आणि रोल झुलवून वाजवा. अंगठ्याला वजन द्या, मधल्या बोटाचं काढून घ्या. आम्ही विद्यार्थ्यांना कायदा (तबल्यातली एक रचना) वाजवायला देतो तेव्हा आधी हाताने टाळी-खाली द्यायला लावतो, तोंडाने बोल म्हणायला लावतो. तुम्हीही रोल तोंडाने म्हणा. तोंडाने म्हटलं की श्वास आपोआप घ्यावा लागतो.

चकवाचांदणं

ठेका_धरा दादा, मी आत्ता डबे भरता भरता तीन-तीन-दोन टाळ्या वाजवल्या. मुलगा म्हणतो, आई हे तर आमच्या ढोल पथकात येतं. घरात आता दोघं जण ओट्यावर बडवतोय.

सांताक्रूझकर_आजोबा

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. जॅझ आपल्याकडे मराठी माणसाच्याच चालींतून घराघरात गेला हे तरुण मंडळींनी विसरू नये. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गोव्याचे चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो शाविएर वाझ, ज्यांना मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९५१ च्या 'अलबेला'त चिक आणि त्यांचा ताफा पडद्यावरही दिसतो. मी तो सिनेमा लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून पाहिला. पुढे आयुष्यभर ती गाणी ऐकताना एक कळलं: गाणाऱ्याची ओळ चालू असते तेव्हा ट्रंपेट गप्प असतो किंवा अगदी मागे असतो. ओळ संपली की त्या रिकाम्या जागेत झेप घेतो. रामप्रहर, तुमच्या मास्तरांनी विचारलेला प्रश्न त्या वाजवणाऱ्यांना कुणी विचारावा लागला नाही. तुम्ही फक्त त्यांची ओळ कुठे संपते ते ऐका.

करवंद

मी नॅशव्हिलला आहे, पाच तारांचाच वाजवते, आणि गेली चार वर्षं एका क्लॅरिनेटवाल्यासोबत अधूनमधून बसते. टेनर घेऊ नका. मी घेतला होता, सहा महिन्यांत विकला. माझी बोटं जे बोलतात ते त्याला बोलता येत नव्हतं. आता हाताशी असलेलं सांगते.

आधी सूर. कॅपो (तारा दाबून धरणारी क्लिप) तिसऱ्या पट्टीवर लावा आणि तिथेच राहू द्या. जी चे आकार वाजवले की बी फ्लॅट, सी चे आकार वाजवले की ई फ्लॅट, डी चे आकार वाजवले की एफ. फुंकणाऱ्यांचे तिन्ही आवडते सूर एका जागी मिळतात. पाचवी तार बी फ्लॅटला न्यायची. सातव्या पट्टीला खिळा असेल तर त्याखाली तार अडकवून खुंटीने अर्धा स्वर चढवा. खिळा म्हणजे तोच, खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांसाठी मिळतो तो इवलासा. बी फ्लॅट हा ई फ्लॅटचा पंचम, त्यामुळे दोन्ही सुरांत ती तार गोड लागते. एफ मध्ये मात्र तीच तार मध्यमावर टोचते. तिथे दहाव्या पट्टीच्या खिळ्याखाली सी ला न्या, नाहीतर पाचव्या तारेला हातच लावू नका.

मग आवाज. ब्लूग्रासचा पडदा आपण ताणून ठेवतो, आवाज टोकदार हवा म्हणून. जॅझला तो सुईसारखा लागतो. मागची रेझोनेटरची थाळी काढा आणि पडदा व आतला दांडा यांच्यामध्ये एक जुना मोजा घडी करून बसवा. घोडीच्या बरोबर खाली नको, मानेच्या बाजूला. स्वर गोल होतो, लवकर विझतो, कॉर्नेटच्या आड येत नाही.

आणि तिसरं, सगळ्यात मोठं. दुसऱ्याचं चालू असताना रोल बंद. चार तारांवरच्या बंद कॉर्ड धरा (एकही तार मोकळी नको), फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर चिमटा घ्या आणि लगेच डाव्या हाताची पकड सैल करा, म्हणजे स्वर तिथेच तुटेल. गिटार चार ठोके देतेय ना, मग तुम्ही दोनच द्या. रोल कुठे वाजवायचा? ब्रेकमध्ये! जुन्या जॅझमध्ये सगळे दोन बारांसाठी थांबतात आणि एकटाच कुणीतरी वाजवतो. दोन बार म्हणजे सोळा मात्रा, म्हणजे तुमचे नेमके दोन रोल. ती जागा पाच तारांच्या बँजोसाठीच रिकामी ठेवल्यासारखी आहे.

जुनेबाड

करवंद, पाचव्या तारेला हात न लावता, बंद कॉर्ड, ठोक्यावर. म्हणजे मागे साथ करताना तुम्ही टेनरसारखंच वाजवताय की!

करवंद

हो, अगदी! साथीचं तुमच्यासारख्यांकडूनच शिकले. फक्त ब्रेक आला की माझ्याकडे एक बोट जास्त आहे. :)

नागझरी

२०११ मध्ये डेल मकॉरीचा ब्लूग्रास ताफा आणि न्यू ऑर्लिन्सच्या प्रिझर्व्हेशन हॉलचा जॅझ ताफा यांनी मिळून 'अमेरिकन लेगसीज' नावाचा आल्बम केलाय. पितळी वाद्यं आणि पाच तारांचा बँजो एकत्र. रामप्रहर, करवंदने सांगितलं ते कानात ठेवून तो ऐका. कोण कधी गप्प बसतो यावर लक्ष ठेवा.

पिंपळपार

बँजोवाला बेला फ्लेक कुणी कसा नाही आणला?

ठेका_धरा

ऐकला, थोर वादक. पण त्याचा जॅझ पुढच्या काळातला. त्याचा ताफा, फ्लेकटोन्स, १९८८ पासूनचा. रामप्रहर यांना १९२० च्या दशकात राहायचंय.

रामप्रहर

तीन रविवार झाले, आता सांगण्यासारखं आहे.

पहिल्या रविवारी मोजा घातला. करड्या रंगाचा, टाचेला विरलेला. मास्तरांनी पहिला स्वर ऐकून कॉर्नेट खाली ठेवलं आणि जवळ येऊन आत डोकावून पाहिलं. क्लॅरिनेटवाल्या बाई म्हणाल्या की आज पहिल्यांदा त्यांचे खालचे स्वर त्यांना स्वतःला ऐकू आले. एवढ्या महिन्यांत त्या बिचाऱ्या बोलल्याही नव्हत्या. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावरचा चिमटा सोपा वाटला होता, पण आधी तो थपडेसारखा पडत होता. ब्लूग्रासमध्ये मँडोलिनचा खाडकन ठोका असतो, तोच माझ्या डोक्यात. गिटारवाल्याने सांगितलं, "तू ठोका देऊ नकोस, माझ्या ठोक्यावर हात ठेव." मग नख्या काढल्या आणि साथ नुसत्या बोटांनी केली. जमलं. मात्र ब्रेक येईपर्यंत नख्या चढवायला वेळ मिळेना. आता अंगठ्याची नखी तेवढी ठेवतो, बाकीची दोन बोटं उघडी. आवाज लहान येतो, पण बाकी सगळे थांबलेले असतात तेव्हा तेवढा पुरतो.

ब्रेकचं सांगतो. आम्ही 'सॉल्टी डॉग'च घेतलं, नागझरीताईंमुळे. ई, ए, डी, जी असा कॉर्डांचा तो फेरा मी ब्लूग्रासमध्ये शेकडो वेळा फिरलोय, पण आता कॅपो तिसऱ्या पट्टीवर. पहिल्या वेळी दोन रोल वाजवले आणि सवयीने तिसरा सुरू झाला, सरळ मास्तरांच्या अंगावर गेलो. दुसऱ्या वेळी तेच. बोटांना थांबणं माहीतच नव्हतं. मग ठेका_धरा यांचं आठवलं आणि बाजूला उभं राहून तोंडाने म्हटलं: तीन, तीन, दोन, तीन, तीन... आणि शेवटचे दोन गिळले. सोळा नाही, चौदाच मात्रा वाजवायच्या. चौथा ठोका रिकामा.

पुढच्या फेरीत तो ठोका रिकामा राहिला आणि त्यात मास्तरांनी श्वास घेतलेला मला स्पष्ट ऐकू आला. नाकातून, लांब. मग त्यांची ओळ आली.

झुलवण्याचं अजून अर्धंच झालंय. संथ लयीत जमतं, लय चढली की बोटं सरळ आठांवर घसरतात. आणि एफ मध्ये पाचवी तार अजून टोचते, कारण माझ्या बँजोला दहाव्या पट्टीचा खिळाच नाही.

सांताक्रूझकर_आजोबा

बाळा, डोळे भरून आले वाचून. रेकॉर्डिंग टाक.

जुनेबाड

चौदा मात्रा वाजवून दोन सोडायची युक्ती मी टेनरवर उचलतोय. आणि टेनर घ्या हा सल्ला मागे घेतो. लय चढली की सरळ होतंय ते माझंही सुरुवातीला व्हायचं. पायाने चारऐवजी दोनच ठोके द्या, पहिला आणि तिसरा. पाय शांत झाला की हात मोकळा होतो.

करवंद

दहाव्या पट्टीचा खिळा स्वतः ठोकू नका, मान चिरते. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. आधी बारीक भोक पाडून मगच तो बसवतात. माझा पहिला बँजो मी घाईत असाच खराब केला होता.

रामप्रहर

करवंदताई, बरं झालं वेळेवर सांगितलंत, ड्रिल काढून ठेवलं होतं. शनिवारी नेतो. जुनेबाड, पाय आजपासून. आजोबा, क्लॅरिनेटवाल्या बाईंची परवानगी मिळाली की रेकॉर्डिंग टाकतो. त्यांना आधी 'फेअरवेल ब्लूज' नीट बसवायचंय, आणि त्यातला दुसरा ब्रेक त्यांनी मला दिलाय.